काळ्या इनामदाराचा फाल्गुन

हरभरा काढणीला आला की अंबडच्या शिवारात सकाळची हवा आंबट होते. पानांवरची आंब दवात विरघळून पँटला लागते, उन्हं चढली की वाळते आणि मग दिवसभर पोटऱ्या खाजवत बसावं लागतं. शेजारी करडई काटे परजून उभी असते. ज्वारी कापून झालेल्या रानात नुसती धसकटं, आणि धसकटांच्या पलीकडे, पडीक माळावर, माजावर आलेले काळवीट. फाल्गुन लागला की मी रोज सकाळी तिकडे चक्कर मारतो. बायको याला व्यायाम म्हणते. दुसरं काही म्हटलं तर भांडण होईल, हे तिला ठाऊक आहे.

याच दिवसांत मला प्रकाशची आठवण येते. आठवण हा फार सौम्य शब्द झाला, पण छापील कागदावर तोच बरा दिसतो.

मी जनावरांचा डॉक्टर. सरकारी दवाखाना, समोर लिंबाचं झाड, झाडाखाली लोखंडी खोडा. त्या खोड्यात उभ्या केलेल्या गाई भरवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. नायट्रोजनच्या डब्यातून धूर सोडत बारीक कांडी काढायची, कोमट पाण्यात धरायची, आणि कुठल्या तरी लांबच्या वळूचं बीज समोरच्या गाईच्या पोटी पोचवायचं. त्या वळूला मी पाहिलेलं नसतं आणि त्यानं गाईला पाहिलेलं नसतं. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थाचंच काम हे, फक्त पंगतीचं जेवण तेवढं मिळत नाही.

प्रकाश माझा हॉस्टेलमधला रूम पार्टनर, मूळचा परतूरचा. एकाच स्टोव्हवर आम्ही चहा केला आणि एकाच सायकलवर सिनेमाला गेलो. पुढे तो शहरातल्या एका मोठ्या संस्थेत लागला. जंगली जनावरांचं बीज गोठवून जपून ठेवायचं, म्हणजे उद्या एखादा कळप संपला तरी त्याचं रक्त संपू नये, असं त्याचं काम. जे मी गाईंच्या बाबतीत शेणात उभा राहून करतो, तेच तो हरणांच्या बाबतीत पांढरा कोट घालून करतो. हे वाक्य मी घरी आलेल्या पाहुण्यांना बऱ्याचदा ऐकवलेलं आहे. ते सुरू झालं की माझी बायको सुनंदा चहा टाकायला आत जाते. पाहुण्यांनी चहा घेतलेला असला तरी जाते.

दुसऱ्याचं बरं झालेलं पाहून पोटात दुखतं, असं आपल्याकडे म्हणतात. माझं पोट उत्तम आहे. मला ते कानांत होतं. प्रकाशचं नाव चांगल्या संदर्भात निघालं की कानाच्या पाळ्या तापतात, आणि त्याचं नाव नेहमी चांगल्याच संदर्भात निघतं. जुन्या लोकांनी माणसाचे सहा शत्रू मोजले, त्यांत मत्सराला शेवटचा नंबर दिला. कामक्रोधांना निदान काही थाट आहे, त्यांच्यामुळे राज्यं बुडाली. मत्सर आपला रांगेच्या टोकाला उभा, आणि तिथूनही पुढच्याच्या ताटात काय वाढलंय ते बघतोय.

ज्या काळविटासाठी मी माळावर जायचो, त्याचं नाव कडुबानं इनामदार ठेवलं होतं. कडुबाचं शेत माळाला लागून आहे आणि माळाचा बराच तुकडाही त्याच्याच मालकीचा. काळविटाला ही मालकी मान्य नव्हती. एका बाभळीपासून दगडाच्या ढिगापर्यंतची जागा त्यानं आपली ठरवली होती. रोज एकाच ठिकाणी लेंड्या टाकून त्यानं तिथं चांगला ढीग केला होता. बाभळीच्या काडीला डोळ्याखालची ग्रंथी घासायची, नाक आभाळाकडे करून शिंगं पाठीवर टेकवायची आणि आपल्या हद्दीतून असं चालायचं, की मागून पालखी येत असावी. डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं. रंग काळाभोर, पोट पांढरंशुभ्र, एकूण लग्नातल्या मानकऱ्याचा पोशाख.

"डॉक्टरसाब," कडुबा म्हणायचा, "पेरायचं मी, पाणी द्यायचं मी, अन् मिशीवर ताव ह्यो देऊन राह्यला."

"हाकलून द्यायचं मंग," मी म्हणायचो.

"हाकलतो की. जातो थोडं लांब. मंग परत येऊन बराबर त्याच जागी लेंड्या टाकतो. आता मलाच वाटाया लागलं, मी ह्याच्याकडं भाड्यानं राह्यतो."

काळवीट जन्मतःच काळा नसतो. पिल्लू तपकिरी, तरणा नरही तपकिरी. वय झालं, अंगात जोर आला, जागा मिळाली, की रंग गडद होत जातो. ज्यांना जागा मिळत नाही ते नर हद्दीच्या कडेकडेनं एकत्र चरत राहतात, फिकट, नम्र आणि सतत मान वर करून काळ्याकडे बघणारे. मी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघायचो. जिल्हा पातळीवरच्या बैठकांना गेलं की असा कळप हॉलच्या मागच्या खुर्च्यांवर दिसतो.

मध्यंतरी मोठा रस्ता झाला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण आलं. अलीकडची हरणं अलीकडे राहिली, पलीकडची पलीकडे. आता घरातल्या घरातच सोयरिकी होणार, आणि तसं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की कळपाचं काय होतं हे सांगायला डॉक्टर लागत नाही. प्रकाशच्या संस्थेनं ठरवलं, दोन्ही बाजूंच्या चांगल्या नरांचं बीज आत्ताच जपून ठेवायचं. पुढेमागे इकडचं तिकडे देता येईल. अलीकडचा नर कोणता घ्यावा, असं त्यानं मला फोनवर विचारलं. मी इनामदाराचं नाव सांगितलं. सांगताना, मुलीचा हात कुणाच्या तरी हाती द्यावा तसा माझा आवाज झाला असावा. "काय रे, सर्दी झाली का?" असं त्यानं विचारलं.

बीज चांगलं निघणार की नाही हे कशाकशावर ठरतं, हेही त्यानं मला तेव्हा बराच वेळ समजावलं. मी याच विषयात जन्म घालवला आहे हे तो विसरला असावा, किंवा त्याच्या चांगलं लक्षात असावं. नर भर वयातला हवा. मोसम माजाचा हवा. एरवीच्या दिवसांत बीजाचा कस उतरतो. खाणं पाहिजे. कडुबाच्या हरभऱ्यावर पोसलेला नर वेगळा आणि वैशाखात काड्या चघळणारा वेगळा. शक्यतो जागेचा धनी हवा, कारण कडेला हिंडणाऱ्यांपेक्षा त्याच्या अंगात रग जास्त. उष्मा नको. पकडताना भेदरलेला तर नकोच. आणि एकदा बाहेर आलेलं बीज बाळंतिणीहून नाजूक. त्याला ऊन चालत नाही, एकदम गारवा चालत नाही, पाण्याचा थेंब किंवा धुतलेल्या काचेवरचा साबण चालत नाही. अंड्याच्या बलकाच्या द्रावणात ते लगेच मिसळायचं, हळूहळू थंड करायचं, कांड्यांत भरायचं, आणि मग नायट्रोजन.

या सगळ्यात एक गोष्ट त्याच्याकडून राहून गेली, ती म्हणजे उद्घाटन.

परवानगी एकाच खेपेची होती. त्या मोसमात इनामदाराला दुसऱ्यांदा बेशुद्ध करता येणार नव्हतं. नमुना वाया गेला तर अलीकडच्या कळपाचं काहीच जपलं जाणार नव्हतं, आणि प्रकाशच्या कामाला पुढच्या वर्षी कुणी विचारणार नव्हतं. असं असताना रस्त्याच्या कडेला मंडप पडला. फलकावर हरीण होतं ते ठिपक्यांचं, म्हणजे चितळ, जे आमच्या भागात फक्त फलकांवरच आढळतं. स्वागत समितीचे अध्यक्ष गावातले कापडाचे व्यापारी, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच झालेले मारवाडी गृहस्थ, सगळे त्यांना शेठजी म्हणतात. त्यांनी मंडपाचं कापड मोफत दिलं होतं, आणि ज्यानं कापड दिलं त्याला नाही म्हणणं आमच्याकडे कुणाला जमत नाही.

"शुभ काम आहे डॉक्टर," ते प्रकाशला म्हणाले. "बिना पूजेचं कसं होणार? पहिला थेंब साहेबांच्या हातानं पडू द्या."

म्हणजे बीजाची नळी द्रावणात ओतायची ती प्रमुख पाहुण्यांनी. प्रकाशनं गणित मांडलं, की पाहुणे अर्ध्या तासावरच्या शहागडला पोचल्याचा फोन आला की इकडे काम सुरू करायचं. ते पोचेपर्यंत नमुना तयार, ओतायला ताजा. गणित चुकीचं नव्हतं. फोन आलाही, "साहेब शहागडला पोचले." उन्हं अजून कोवळी होती. माळावर बंदुकीतून सुई सुटली, इनामदार चार पावलं चालला आणि गुडघ्यांवर बसला. पुढचं काम शांतपणे, डोळ्यांवर फडकं बांधून झालं. प्रकाशचा हात फार हलका आहे, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही. नळीत दाटसर, सायीसारखं बीज जमा झालं. इनामदाराला उतारा टोचून आम्ही मागे सरलो.

आणि मग दुसरा फोन आला. साहेब शहागडलाच होते. तिथल्या मंडळींनी गाडी अडवून सत्कार ठेवला होता.

स्टेजवर ताट सजलेलं. नारळ, सुपाऱ्या, हळद-कुंकू, पेटती उदबत्ती आणि मधोमध काचेची नळी. नायट्रोजनच्या डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक आणि झेंडूची माळ. हसायचा अधिकार मला नव्हता, दसऱ्याला मीही माझ्या डब्याला झेंडू वाहतो. पण दसऱ्याच्या दिवशी डबा बंद असतो आणि कुठलं बीज त्याच्या दारात ताटकळत नसतं.

सूर्य वर येत होता आणि मंडपाची सावली ताटावरून मागे सरत होती. मी खाली पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात बसलो होतो. नळीकडे पाहिलं की जीव कासावीस व्हायचा. प्रकाशच्या कपाळावरचा घाम पाहिला की बरं वाटायचं. दोन्ही भावना इतक्या शेजारी शेजारी नांदत होत्या, की एकीला हात धरून उठवावं तर दुसरीही उठून उभी राहिली असती.

प्रकाश स्टेजवरून उतरला आणि माझ्या छातीवरचा बिल्ला सरळ करायच्या बहाण्यानं वाकला. त्यानं माझ्या हातात दुसरी नळी सरकवली. तिच्यात नुसतं बलकाचं द्रावण होतं.

"ही ताटात ठेव आणि ती घेऊन व्हॅनमध्ये जा. मला हलता येत न्हाई."

"तुझी संस्थेतली पोरं कुठं आहेत?"

"फेटे बांधून घेऊन राह्यलीत." शहरात इतकी वर्षं काढूनही घाबरला की तो परतूरचं बोलतो.

"तू जा ना. मी बसतो वर."

"तुझा सत्कार कुणी करणार न्हाई लेका," तो म्हणाला. मग बिल्ल्यावरचा हात तसाच ठेवून म्हणाला, "तुझा हात चांगलाय. जा."

ताट नीट करायला गेल्यासारखा मी गेलो. देवघरातल्या वस्तूंची अदलाबदल मी लहानपणीही कधी केली नव्हती.

संस्थेची व्हॅन मंडपामागे उभी होती. आत जनरेटरची घरघर, कोमट काचपट्टी, सूक्ष्मदर्शक. बाहेर भोंग्यावर निवेदक वेळ भरून काढत होता आणि त्यासाठी त्याच्याजवळ प्रकाशशिवाय दुसरा विषय नव्हता. परतूरच्या मातीतला हिरा. विज्ञानाचा वारकरी. जगाच्या नकाशावर जिल्ह्याचं नाव कोरणारा. माझे कान भट्टीतल्या विटेसारखे झाले. मी थेंब काचेवर ठेवला आणि डोळा लावला.

थेंब जिवंत होता. त्यात भोवरे उठत होते. हुरड्यात आलेल्या ज्वारीवरून वारा जावा तशी एक लाट या कडेनं निघायची, त्या कडेला मोडायची, आणि मोडता मोडता तिच्यातूनच दुसरी उठायची. एकेक जीव दिसत नव्हता, फक्त घाई दिसत होती, सगळ्यांनी मिळून केलेली. मी आयुष्यभर कांड्या हाताळल्या, पण त्या दुसऱ्यांनी भरलेल्या, गोठलेल्या, कुणा गोठ्यातल्या वळूच्या. हे माळावरचं होतं. त्यात कडुबाचा हरभरा होता, बाभळीची ती जागा होती, मोडलेलं शिंग होतं. बाहेर टाळ्या पडल्या. साहेब आलेले नव्हते, माईकची खरखर थांबली म्हणून पडल्या असाव्यात. कान जळत होते आणि डोळा निवत होता. काही वेळानं कान माझे आहेत हे मी विसरलो.

मग द्रावण मिसळलं, नळी गारव्याच्या भांड्यात ठेवली, आणि माणसांना कळणारही नाही इतक्या हळू ती थंड होऊ दिली. साहेब आले. त्यांनी बलकात बलक ओतला. शेठजींनी नारळ फोडला. प्रकाशच्या खांद्यावर शाल पडली.

कार्यक्रम संपल्यावर तो कपाळावर कुंकू घेऊन व्हॅनमध्ये आला. "कसं होतं?"

"भोवरे."

"मधेच का सगळीकडे?"

"सगळीकडे. कडेपर्यंत."

तो सूक्ष्मदर्शकाशी वाकला, पण पट्टीवरचा थेंब केव्हाच वाळला होता आणि बाकीचं बीज गारव्यात निजलं होतं. त्याची नवी ताठ शाल एका खांद्यावरून घसरली, त्यानं ती सावरली नाही. "याच्यासाठी मी वर्षभर खेटे घातले," तो म्हणाला, "आणि बघितलं तू." हसत म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो चेहरा मला ओळखीचा वाटला. दाढी करताना रोज समोर असतो.

त्याला काहीतरी चांगलं बोलावं असं मला मनापासून वाटलं. तेवढ्यात कडुबा व्हॅनच्या दारात आला.

"डॉक्टरसाब, तुमी हितं नारळ फोडून राह्यले, अन् तिकडं इनामदाराचं इनाम गेलं."

आम्ही दोघं धावत बांधावर गेलो. इनामदार शुद्धीवर येत लटपटत उभा राहिला होता, तेवढ्या वेळात कडेचा एक दांडगा तपकिरी नर आत आला होता. कडुबाच्या सांगण्याप्रमाणे एकच टक्कर झाली. आम्ही पोचलो तेव्हा तो नवा लेंड्यांच्या ढिगावर उभा राहून नाक आभाळाकडे करायला शिकत होता. इनामदार धसकटांत, लांब, मान खाली घालून चरत होता, निदान तसं दाखवत होता. जागेचा धनी म्हणून आम्ही त्याला निवडला, आणि त्याला निवडण्यातच त्याची जागा गेली. प्रकाशनं खांद्यावरची शाल घडी करून काखेत धरली. ती कुठं लपवावी हे त्याला कळत नसावं.

पुढच्या काही आठवड्यांत इनामदाराचा काळा रंग उतरत गेला. वैशाखात तसाही तो थोडा उतरतो, पण मला वाटायचं हे उतरणं वेगळं आहे. मग एके दिवशी तो त्या फिकट घोळक्यात मिसळला, आणि पुढे दिसेनासाच झाला. त्याचं बीज शहरात, काळ थांबवणाऱ्या थंडीत, अजून भर फाल्गुनातलं होतं. तो स्वतः मात्र आमच्यासारखा झाला.

प्रकाशच्या केबिनमध्ये त्या दिवसाचा फोटो लावलेला आहे. साहेब, शेठजी, फेटेवाले, मधे प्रकाश, आणि सगळ्यांच्या नजरा एका काचेच्या नळीवर. "तो फोटो तुम्ही बघून आल्ते, तेव्हापासून लईच खुशीत हायत," असं सुनंदा मला एकदा म्हणाली. ती शिक्षिका, शाळेत शुद्ध बोलते, घरी टोमणा मारताना आईकडची भाषा वापरते. मी म्हटलं, फोटो छान आलाय. ती म्हणाली, "अन् तुम्हाला जे दिसलं त्याचा फोटोच न्हाई. मंग जळून कोण कुणावर राह्यलं?" आणि चहा टाकायला आत गेली. पाहुणे नव्हते तरी.

तेव्हापासून दर फाल्गुनात प्रकाशचा फोन येतो. तो पदानं वर गेला आहे, आता स्वतः माळावर जात नाही, बैठकांना जातो. हवापाण्याचं बोलून झालं की आवाज खाली आणून विचारतो, "दिसला का रे?" गेल्या फाल्गुनात मी नाही म्हटलं. खरंच दिसला नव्हता. तरी फोन ठेवण्याआधी त्यानं पुन्हा एकदा विचारलं.

आज सकाळी दव भरपूर होतं. मी नेहमीच्या बांधावर पोचलो तेव्हा बाभळीखाली काहीतरी काळं हललं. आधी वाटलं तो नवाच, गेली तीन वर्षं तिथं मिरवणारा. मग त्यानं काडीला गाल घासला, मान वळवली, आणि उगवतीच्या उजेडात डावं शिंग टोकाशी तुटल्यासारखं संपलं. काळा, अगदी पूर्वीसारखा नाही, मानेवर तपकिरी छटा राहिली आहे आणि खांद्यावर ताजी जखम आहे. पण ढिगावर पाय रोवून उभा. दांडगा नवा दूर कडेला होता आणि गवत फार आवडतं असं दाखवत होता.

खिशात फोन थरथरला. प्रकाश. या वेळी व्हिडिओ कॉल.

मी तो कापून साधा लावला. "दिसला का रे?" त्यानं हवापाणीसुद्धा विचारलं नाही.

समोर इनामदारानं नाक वर केलं, शिंगं पाठीवर टेकवली आणि आपल्या हद्दीतून चालायला लागला, मागून पालखी येत असल्यासारखा. बघणारा मी एकटा होतो. पुन्हा एकदा.

"रेंज न्हाई रे इथं," मी म्हटलं. "नंतर बोलू." आणि फोन बंद केला.

पलीकडच्या बांधावर कडुबा हरभरा उपटत होता. तो वाकलेला तसाच राहिला, मान तेवढी वर केली.

"डॉक्टरसाब," तो म्हणाला, "टावर तर माझ्याच रानात हाय."

"माहीत आहे."

"मंग?"

"घरी जाऊन चहा झाला की सांगतो त्याला," मी म्हटलं, आणि खाली धसकटांतच बसून घेतलं.